तीन वर्षं पायजेत

पहिल्या वर्षाच्या पोरांना "तुमचं ध्येय काय?" असं विचारायचं काम आमच्या कॉलेजात माझ्याकडे कसं आलं, ते आता आठवत नाही. बहुतेक दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून आलं असावं. पाणी उताराला जातं तशी आमच्याकडे नको असलेली कामं तासिका तत्त्वावरच्या माणसाकडे येतात. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार, तोही येईल तेव्हा. नेमणूक पावसाळ्यात सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपते. दर वर्षी नव्याने मुलाखत, त्याच खुर्च्या, तेच प्रश्न, आणि दर वर्षी आपणही पहिल्यांदाच आल्यासारखा चेहरा करून बसायचं. मी भूगोल शिकवते. किती वर्षं झाली हे मोजायचं मी सोडून दिलंय. आई मात्र मोजते.

कॉलेज परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. गावाचं नाव सांगत नाही, कुठलंही धरलं तरी चालेल. मी पिंगळीला आईजवळ राहते आणि रोज एसटीने कॉलेजला जाते. शेजारपाजारच्या बायका आईला विचारतात, "काय मावशी, पोरगी पर्मनंट झाली का?" आई म्हणते, "चालू हाय तिचं." एवढ्या वर्षांत तिने हे उत्तर एकदाही बदललं नाही, आणि विचारणाऱ्यांनीही प्रश्न बदलला नाही.

जुलैमध्ये एका दिवशी नव्या पोरांना मोठ्या हॉलमध्ये बसवतात. प्राचार्य बोलतात, टाळ्या होतात, मग माइक माझ्या हातात येतो आणि मी एकेकाला उभं करते. "पोलीस." "पोलीस." "एमपीएससी." "आर्मी, न्हाई झालं तर पोलीस." मुली हळू आवाजात तलाठी म्हणतात, नाहीतर "नर्सिंगला नंबर लागला न्हाई म्हणून आलेय" असं खरं ते सांगून टाकतात. एका वर्षी वालूरकडच्या एका पोराने सांगितलं होतं, "बोअरला पाणी लागलं तर शेती, न्हाई लागलं तर पोलीस." सगळा हॉल हसला, मीही हसले. पण घरी जाताना गाडीत वाटलं, आजच्या सगळ्या पोरांत विचार करून ठरवलेलं असं ह्या एकाचंच होतं.

माझंही ध्येय होतं. मला प्राध्यापक व्हायचं होतं. झाले की! पोरं दुसऱ्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, तुमी पर्मनंट हाव का?" मी "नाही" म्हटलं की त्यांचे चेहरे असे काही होतात की मलाच त्यांची कीव येते. ध्येय गाठल्यावर माणूस असा दिसत असेल, तर आपण कशाला धावायचं, असं त्यांच्या मनात येत असणार. मला तरी आलं असतं.

तर ध्येयाचं हे असं. आणि विषयांचं काय? नवं धोरण आलं तेव्हा मेजर, मायनर आणि आणखी काय काय आलं. पोरांनी आपल्या आवडीप्रमाणे, पुढच्या आयुष्याचा विचार करून विषय निवडावेत, असं आम्हाला एका बैठकीत समजावून सांगितलं गेलं. प्रवेशाच्या टेबलावर मी बसले होते.

"भूगोल का घेतलास?"

"साडेबाराला सुटतंय, मॅडम."

"मग इतिहास का नको?"

"इतिहास दोनला सुटतंय. आमची दीडची जाती."

दीडची म्हणजे दीड वाजताची एसटी. ती चुकली की संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. सुरुवातीला मी चिडायची. अरे, आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्ही एसटीच्या वेळा काय सांगता? मग वेळापत्रक लावायचं कामही उताराने माझ्याकडे आलं. एक दिवस मी गुमान स्टँडवर गेले, कुठली गाडी कधी येते, कधी जाते ते विचारून लिहून आणलं आणि कॉलेजच्या वेळापत्रकाशेजारी ठेवलं. तेव्हा दिसलं की पोरांचं काही चुकत नव्हतं. नदीकाठच्या गावांना भूगोल, रस्त्याकडच्या गावांना इतिहास आणि मोटरसायकल असलेल्यांना राज्यशास्त्र, अशी आमच्या ज्ञानाची वाटणी गाड्यांनीच करून ठेवली होती. त्यानंतर मी कुणाला आवड विचारली नाही. "गाव कोणतं?" एवढंच विचारायची.

अशाच एका जुलैत, हॉलमध्ये, माझा माइक तिच्यापर्यंत गेला.

साधी पोर. डोक्याला भरपूर तेल, अंगात बारावीचाच ड्रेस, मांडीवर पिशवी. मी कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "तुझं ध्येय काय?"

ती उभी राहिली. माइककडे बघून म्हणाली, "मला काय व्हायचं न्हाई, मॅडम. मला तीन वर्षं पायजेत."

हॉल हसला. कुणीतरी शिट्टी मारली. मला वाटलं प्रश्न कळला नसेल, म्हणून पुन्हा विचारलं, "अगं, बी.ए. तीन वर्षांचंच असतं. त्यानंतर काय?"

"त्याच्या म्होरलं न्हाई माहीत. तीन वर्षं पायजेत," असं म्हणून ती खाली बसली.

खरं सांगते, मला तिचा राग आला. थट्टा करतेय असं वाटलं. माइक पुढे गेला आणि पुढच्याने "पोलीस" म्हटल्यावर मला बरं वाटलं.

ती भूगोलालाच आली, कारण तिची गाडी दीडची होती. तिच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला जायचा, सोनपेठच्या पुढपर्यंत. लोकांच्या रिकाम्या रानांत मेंढरं बसवायची, रानाला खत होतं आणि मेंढरं बसवणाऱ्याला धान्य मिळतं. ही, हिची धाकटी बहीण आणि आई गावात राहायच्या, चुलत्याच्या घराला लागूनच. पहाटे शेळ्यांच्या धारा, पाणी, मग भाकरी, आणि मग गाडी. हे सगळं तिने मला सांगितलं नव्हतं. तासाला झोपली म्हणून मी तिला उभं केलं, तेव्हा शेजारच्या मुलीने सांगितलं.

पहिल्याच वर्षी, हिवाळ्यात, तिच्या रस्त्यावरचा ओढ्याचा पूल पाडला आणि नवा बांधायला घेतला. गाडी लांबून वळसा घालून जायला लागली आणि दीडची बाराला सुटायला लागली. भूगोलाचं प्रात्यक्षिक साडेअकराला सुरू व्हायचं. चार दिवस तिने वाट बघितली आणि पाचव्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅडम, बंद होतंय मग."

"काय बंद होतंय?"

"कॉलेज. बाराला जावं लागतंय. प्रात्यक्षिक न्हाई झालं तर तुमी परीक्षेला बसू देणार न्हाईत. नापास झाले की घरचे म्हणतेल, आता बस झालं." मग म्हणाली, "तीन वर्षं पायजेत मला."

तेव्हा मला कळलं, किंवा कळलं असं वाटलं. कॉलेज सुटलं की हिचं लग्न. जोपर्यंत शिकतेय तोपर्यंत वाचली. आमच्याकडे अशा मुली दर वर्षी असतात, फक्त त्या माइकवर पोलीस म्हणतात, ही खरं बोलली होती. मी मनात तिच्या बापाला भरपूर शिव्या दिल्या. मी त्याला पाहिलेलंही नव्हतं, पण बाप डोळ्यांसमोर आणायला मला वेळ लागला नाही. जाड मिशा, हातात काठी, पोरीची जात म्हणजे परक्याचं धन म्हणणारा.

प्रात्यक्षिक सकाळी दहाला घ्यायचं तर दहाला त्याच खोलीत इतिहासाच्या सरांचे तास होते. सर पर्मनंट. परभणीहून स्वतःच्या गाडीने यायचे, आठला एक पर्यावरणाचा तास, दहापासून दोनपर्यंत इतिहास, आणि जेवायला घरी. त्यांचं वेळापत्रक मी कधी हलवत नसे, कारण मुलाखतीच्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर ते बसायचे.

मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, एका पोरीसाठी तुम्ही सगळं कॉलेज हलवणार? लईच मनावर घेता तुम्ही."

"एक नाही सर, त्या गाडीला आठ-दहा पोरं आहेत," मी म्हणाले. ते खरं होतं, पण बाकीच्यांनी मला येऊन सांगितलं नव्हतं.

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माझे तास दुपारी टाका, माझी ना नाही. पण मग सकाळी आठच्या एका तासासाठी मी परभणीहून कशाला येऊ? पर्यावरण तुम्ही बघा." पर्यावरणाचे तास माझ्या नावावर लागणार नव्हते, म्हणजे त्यांचे पैसे मिळणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी हो म्हणाले. हो म्हणताना फार काही थोर वाटलं नाही. आपण मूर्ख आहोत असंच वाटलं.

तेव्हापासून मी पिंगळीहून पहिल्या गाडीने निघायला लागले. थंडीत आई माझ्याआधी उठून चूल पेटवायची आणि पुटपुटायची. "कोण कुठली पोर. तिच्यापाय जीव मारायलीस." मी म्हणायची, पूल झाला की होईल पुन्हा पहिल्यासारखं. पूल झाला, पण गाडीची वेळ बाराचीच राहिली, आणि आठचा तासही माझाच राहिला. आमच्याकडे एकदा पडलेलं काम उठत नाही.

आता वाचणाऱ्याला वाटेल, की ही पोर पुढे विद्यापीठात पहिली आली. नाही आली. पास झाली. मला आशा होती, लपवत नाही. पहिल्या गाडीच्या खिडकीशी डुलक्या काढताना मी मनात तिचा सत्कारही करून टाकला होता. पण ती नकाशे बरे काढायची आणि बाकी सगळं जेमतेम. ग्रंथालयाचं पुस्तक घ्यायची ते तसंच परत आणायची. वर्गात प्रश्न विचारायची नाही. कधी कधी मला तिला गदागदा हलवावंसं वाटायचं, की बाई गं, मी तुझ्यासाठी अंधारात उठते, तू निदान जागी तरी राहा.

मात्र एक गोष्ट ती न चुकता करायची. वर्षातून तीन-चार वेळा ऑफिसात जाऊन बोनाफाईड काढायची, म्हणजे ही विद्यार्थिनी आमच्या कॉलेजात शिकते असा दाखला. क्लार्क वैतागला होता. "किती दाखले? पासपोर्ट काढायलीस का?" ती दाखल्याची घडी करून पिशवीत घालायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "चुलत्याला दाखवायचा हाय. पाहुणे यायलेत." दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती आठवडाभर आली नाही, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. सोमवारी सकाळच्या गाडीने आलेली पोरं पांगल्यावर ही मागून आली. "पाहुणे आले हुते, मॅडम. सांगितलं, कॉलेज चालू हाय." तिच्या तोंडून "चालू हाय" ऐकून मला आई आठवली. हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

तिसऱ्या वर्षी, शिमगा झाल्यावर, परीक्षा तोंडावर असताना, एक दिवस कॉलेजच्या मैदानात मेंढरं घुसली. शिपाई ओरडत धावला. प्राचार्यांच्या खोलीसमोर लावलेली शोभेची झाडं मेंढरांना फारच आवडली होती. मेंढरांमागून खांद्यावर घोंगडी टाकलेला एक बारीक, वाकलेला माणूस आला. मिशा होत्या, पण जाड नव्हत्या. शिपायाची माफी मागून त्याने मेंढरं कुंपणाबाहेर काढली, बाहेर कुणाला तरी हाक मारून त्यांच्याजवळ उभं केलं आणि भूगोलाच्या मॅडम कुठं बसतात म्हणून विचारत माझ्यापर्यंत आला.

"रामराम, मॅडम. मी तिचा बाप," तो म्हणाला.

या माणसासाठी मी तीन वर्षं भाषण तयार करून ठेवलं होतं. त्याला बसा म्हणायच्या आधीच मी सुरू केलं. "हे बघा, परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे. आता तिला काढू नका. एवढी तीन वर्षं तुम्ही कळ काढलीत, आता एवढ्यासाठी पोरीचं नुकसान करू नका."

तो गोंधळला. "काढायला कशाला येतोय मी? मी इचारायला आलोय. ह्याच्या म्होरं काय असतंय?"

"म्होरं म्हणजे?"

"हे तीन वर्षाचं झालं. आता ह्याच्या म्होरलं कायतर असंल की. एखांद्या वर्षाचं."

"तिला काय करायचंय पुढे?"

"ते मला न्हाई ठावं," तो म्हणाला. "वर्ष पायजे."

मी त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला, घोंगडी मांडीवर घेतली आणि हळूहळू बोलायला लागला.

"आमचं मेंढरं एकत्र, रान एकत्र. बाप गेल्यावर थोरल्या भावानंच मला वागवलं. त्याला मला न्हाई म्हणता येत न्हाई. तो म्हणतोय, दोघी पोरीचं एकाच मांडवात उरकून टाकू. एकच जेवण, एकच वाजंत्री, पाहुणे एकदाच. त्याचं बी चुकायलं न्हाई, समदेच तसं करायलेत. पण धाकटी बारकी हाय, मॅडम. ती शिकायची म्हणतीय. हुशार हाय ती, थोरलीवाणी न्हाई."

ते त्याने सहज सांगितलं, आणि मीही मान हलवली.

"थोरलीचा मांडव घातला की त्याच्यात धाकटी जाती. तवा थोरलीच म्हणली मला, बारावीचा निकाल लागला त्या दिशी. म्हणली, दादा, मी कॉलेजला जाते. जवर मी कॉलेजात हाय, तवर मांडव घालता येत न्हाई. तवा धाकटी दहावीला गेली हुती. तीन वर्षात तिची बारावी होती. मग ती सवता कॉलेजला येती. मग तिला कोण हात लावतंय?" त्याने कपाळ पुसलं. "बराबर बसत हुतं, मॅडम. पण दहावीच्या परीक्षेला पोरीला कावीळ झाली. साल वाया गेलं. आता ती अकरावीला हाय. एक वर्ष कमी पडायलंय."

 तीन वर्षं मी ज्याला शिव्या दिल्या, तो हा. आणि ज्या पोरीच्या लग्नाची मला धास्ती होती, तिने स्वतःच्या लग्नाचा विचारच केलेला नव्हता. पहिली गाडी, पर्यावरण, आईची बोलणी, सगळं मी एका अशा पोरीसाठी केलं होतं, जिचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, जी तेव्हा दहावीत होती. मला हसू यायला पाहिजे होतं. मला फक्त खूप थकल्यासारखं झालं. टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं.

"तुम्ही स्वतः भावाला का सांगत नाही?" मी जरा कडकच विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "भावाच्या तोंडावर मला न्हाई म्हणता येत न्हाई. कॉलेजचं नाव सांगितलं की तो गप बसतोय. तुमचा शिक्का बघितला की गप बसतोय." मग जरा धीर करून म्हणाला, "तवा काय असंल तर सांगा. एक वर्षाचं."

"एक वर्षाचं आपल्याकडे काही नाही," मी म्हणाले. "एम.ए. आहे. दोन वर्षांचं. ते इथं नाही, परभणीला."

"एकात न्हाई होत?"

"नाही."

त्याने मान डोलवली. बाजारात शेळीसोबत करडू फुकट मिळालं तर माणूस जसा आनंद दाखवत नाही, तसा चेहरा केला. "बरं. दोन तर दोन. आता परभणीला जायचं म्हंजे गाडी कवाची हाय?"

गाडीचं मला पाठ होतं. तिच्या गावाहून पहिली गाडी, इथे उतरायचं, इथून परभणीची. तीच परभणीची गाडी पिंगळीवरून जाते. मी रोज त्याच रस्त्याने उलटी येते. मी त्याला सगळं दोनदा सांगितलं, आणि त्याने ते तोंडपाठ करून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "लय उपकार झाले. पोरगी सांगत हुती, मॅडमनी गाडीपाय तास बदलला म्हणून." मग बाहेर त्याची शीळ ऐकू आली आणि मेंढरं रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. बाराच्या गाडीला अजून थोडा वेळ होता. आम्ही व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. मी तिच्यावर रागवायचं ठरवलं होतं, पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "तीन वर्षं कशाला पाहिजेत, ते?"

"सांगितलं हुतं की, मॅडम. तुमी पहिल्या दिशी ध्येय इचारलं, मी सांगितलं."

"पण कुणासाठी, ते कुठे सांगितलंस?"

"सगळ्यायसमोर कसं सांगू? चुलत्याचा पोरगा मागच्या बाकावर बसला हुता." ती जरा हसली. "आन नंतर तुमी इचारलंच न्हाई. तुमाला वाटलं माझ्याच लग्नाचं हाय. मी म्हणलं, वाटू द्या. तास तर बदलला."

मला तिचं कौतुक वाटलं आणि तिला एक चापट मारावीशीही वाटली. भूगोलात जेमतेम पास होणाऱ्या या पोरीने घर, चुलता, पाहुणे, कॉलेज, बाराची गाडी आणि मी, एवढं सगळं तीन वर्षं बरोबर हाकत आणलं होतं. तासाला ती का झोपायची, ते आत्ता मला कळलं. दमायची ती.

"आणि तुझं काय?" मी विचारलं. माइक नव्हता, हॉल नव्हता. "धाकटीचं राहू दे. तुला स्वतःला काय करायचंय?"

 मला वाटलं हिला प्रश्न कळला नाही, जसं पहिल्या दिवशी वाटलं होतं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत ती रस्त्याकडे बघत राहिली. स्टँडच्या बाजूने गाडीचा हॉर्न ऐकू आला, तरी ती उठली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "दादा म्हणले, एम.ए. दोन वर्षाचं हाय."

"हो."

"नक्की दोन?"

"दोनच असतं."

"धाकटीला तर एकच लागतंय." तिने दोन बोटं काढली आणि त्यातलं एक मिटलं. उरलेल्या बोटाकडे ती अशी बघत होती की जणू ते तिच्या हाताचं नव्हतंच. "मग एक उरतंय की माझं."

मी घड्याळ बघितलं, बाराला पाच कमी होते.

"त्या वर्षात बघते काय करायचं ते," ती म्हणाली. मग पुन्हा हॉर्न वाजला, ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि मैदानातून पळत सुटली. ती हसत होती का, ते मला पाठीमागून दिसलं नाही.

गाडी गेल्यावरही मी पायरीवरच बसून होते. सहज म्हणून मीही बोटं मोजायला घेतली. आईचं, कॉलेजचं, सरांचं, आठच्या तासाचं. हाताची बोटं मिटत गेली आणि माझं म्हणून एखादं वर्ष कुठे उरतंय का, ते काही सापडेना. आतून शिपायाने हाक मारली, "मॅडम, पुढच्या सालच्या वेळापत्रकाचं सर इचारायलेत." मी मूठ तशीच घेऊन उठले.